कॅम्पस प्लेसमेंट नेमकं चालतं कसं? उसन्या टायपासून जॉइनिंग लेटरपर्यंतचा प्रवास

डिसेंबर उजाडला की एक बातमी ठरलेली असते. अमुक आयआयटीतल्या मुलाला कोटीचं पॅकेज. बातमी फॅमिली ग्रुपवर येते, काका ती पुढे ढकलतात आणि खाली विचारतात, "आपल्या बंटीचं काय झालं?" बंटी त्या वेळी सांगली नाहीतर नगरकडच्या एखाद्या कॉलेजात, मित्राचा टाय लावून, सकाळी आठपासून रांगेत उभा असतो. आलेली कंपनी साडेतीन लाखांचं पॅकेज देणार असते आणि त्यासाठी आजूबाजूच्या पाच-सहा कॉलेजांतली पोरं बस करून आलेली असतात.

या दोन्ही गोष्टींचं नाव एकच, कॅम्पस प्लेसमेंट. शेवटच्या वर्षाच्या मुलांना डिग्री हातात पडायच्या आधीच कंपनीने कॉलेजात येऊन निवडायचं, कागदावर एवढंच. पण कोणत्या कॉलेजात कोण येणार, परीक्षेला कोणाला बसू देणार, ऑफर मिळाल्यावर नोकरी कधी सुरू होणार आणि जाहीर झालेल्या पॅकेजातलं हातात किती पडणार, याचे नियम वेगवेगळे आहेत. त्यातले बरेचसे मुलांना कोणी नीट सांगतच नाही.

कंपनी कॉलेज कसं निवडते?

कॉलेजात ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर असतो, मुलांच्या भाषेत टीपीओ सर किंवा टीपीओ मॅडम. मोठ्या संस्थांत त्यांचं स्वतंत्र कार्यालय असतं. छोट्या कॉलेजात मेकॅनिकलचे एखादे प्राध्यापक लेक्चर घेऊन उरलेल्या वेळात हे काम बघतात. एचआरना मेल करायचे, पुण्या-मुंबईला चकरा मारायच्या, माजी विद्यार्थ्यांच्या ओळखी काढायच्या, ड्राइव्हच्या दिवशी लॅब, इंटरनेट, जनरेटर आणि पाहुण्यांचं जेवण बघायचं, हे सगळं त्यांच्याच अंगावर.

कंपन्या कॉलेजांची प्रतवारी करतात. वरच्या थरात आयआयटी, एनआयटी, जुनी सरकारी आणि नावाजलेली स्वायत्त कॉलेजं. तिथे कंपनी स्वतः जाते, जास्त पगाराच्या जागा घेऊन जाते आणि लवकर जाते. खालच्या थरातल्या कॉलेजांसाठी 'पूल कॅम्पस' असतो, म्हणजे एका कॉलेजात मांडव आणि आसपासच्या सगळ्यांना आवतण. एका कॉलेजातून दोन-चार पोरं निवडायला पुण्याहून पथक पाठवणं कंपनीला परवडत नाही, हा त्यामागचा साधा हिशोब. याचा फटका बसतो तो गुणी मुलाला. कॉलेज कुठलं मिळालं हे त्याच्या सीईटीच्या एका दिवसाने ठरलेलं असतं आणि चार वर्षांनी नोकरीची यादीही त्या एका दिवसावरूनच ठरते.

आयआयटींमध्ये प्लेसमेंटचा पहिला टप्पा १ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि दुसरा टप्पा जानेवारीनंतर चालतो. पहिल्या दिवशी कोणत्या कंपनीला बोलवायचं यासाठी मोठी ओढाताण असते, कारण पहिल्या दिवशी आलेल्या कंपनीला अख्खी बॅच निवडीला मिळते. आठव्या दिवशी आलेल्या कंपनीच्या वाट्याला उरलेली मुलं येतात. ज्या बातम्या आपल्या मोबाइलवर येतात त्या बहुतेक या पहिल्या एक-दोन दिवसांच्या असतात. पुढचे सहा महिने काय झालं याची बातमी क्वचित येते.

बहुतेक कॉलेजांत 'एक विद्यार्थी, एक नोकरी' असा नियम असतो. एक ऑफर स्वीकारली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. अपवाद 'ड्रीम कंपनी'चा, म्हणजे आधीच्या ऑफरपेक्षा दीडपट किंवा दुप्पट पगार देणारी आली तर पुन्हा संधी. प्रमाण प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. ऑफर घेऊन ऐनवेळी नकार देणाऱ्या मुलाला 'डिबार' करतात, म्हणजे पुढच्या सगळ्या ड्राइव्हमधून बाहेर. मुलांना हे जाचक वाटतं. पण निवडलेल्या दहापैकी चारच रुजू झाले, तर पुढच्या वर्षी ती कंपनी त्या कॉलेजाकडे फिरकत नाही आणि खालच्या वर्गातल्या मुलांचं नुकसान होतं, ही टीपीओंची बाजूही खोटी नाही.

'साठ टक्के थ्रूआउट' ही काय भानगड आहे?

कंपनी यायच्या आधी नोटीस बोर्डावर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकष येतात. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, तिन्हीकडे ६० टक्के. चालू बॅकलॉग नको. शिक्षणात एक-दोन वर्षांपेक्षा जास्त खंड नको. यातली एक अट जरी हुकली तरी मुलगा परीक्षेलाच बसू शकत नाही, मग त्याला कोडिंग कितीही येवो.

कंपन्या हे का करतात? एकेका ड्राइव्हसाठी हजारो अर्ज येतात आणि ते गाळायला सगळ्यात स्वस्त चाळणी म्हणजे टक्केवारी. ती कामाचं कौशल्य दाखवत नाही, हे कंपन्यांनाही माहीत आहे. दहावीत वडील आजारी होते म्हणून ५८ टक्के पडले आणि पुढे इंजिनिअरिंगला पहिला आला, अशा मुलाला ही चाळणी बाहेर ठेवते. दहावीचे गुण पुन्हा वाढवता येत नाहीत. म्हणून अशा मुलांसाठी टक्केवारी न बघता थेट परीक्षा घेणाऱ्या कंपन्या आणि स्पर्धा शोधणं हाच मार्ग उरतो.

२०१८ मध्ये टीसीएसने 'नॅशनल क्वालिफायर टेस्ट' सुरू केली तेव्हा यात थोडा फरक पडला. आधी कंपनी ठरावीक कॉलेजांतच जायची, या ऑनलाइन परीक्षेमुळे बाहेरच्या कॉलेजांतल्या मुलांनाही दार किलकिलं झालं. एकाच परीक्षेतल्या गुणांवर वेगवेगळ्या पगाराच्या जागा देण्याची पद्धतही रुळली. नेहमीच्या गटाला साडेतीन लाखांच्या आसपास आणि कोडिंगमध्ये चमकलेल्यांना त्याच्या दुप्पट. शेजारी बसलेल्या दोन मित्रांना एकाच कंपनीत, एकाच दिवशी, दुपटीच्या फरकाने पगार मिळतो तो असा.

निवडीच्या दिवशी काय होतं?

सुरुवात प्री-प्लेसमेंट टॉकने होते. कंपनीची माणसं पडद्यावर हिरवळ, जिम आणि कॅन्टीन दाखवतात. त्यात मुलांनी कान देऊन ऐकायचं ते शेवटच्या पाच मिनिटांत असतं. पगाराची फोड, कामाचं ठिकाण, बाँड, प्रशिक्षणाचा काळ.

मग ऑनलाइन परीक्षा. गणित, तर्क, इंग्रजी आणि आयटीत असाल तर कोडिंग. सगळ्यात जास्त मुलं इथेच गळतात. गणित आठवी-दहावीच्या पातळीचंच असतं, शेकडेवारी, काळ-काम-वेग, नळ आणि हौद. अडचण वेळेची असते. चार वर्षं एम-थ्री आणि एम-फोर सोडवणारी मुलं काळ-काम-वेगावर अडखळतात, कारण शेवटचा सराव स्कॉलरशिपच्या परीक्षेला केलेला असतो.

अनेक कंपन्या त्यानंतर बोलण्याची चाचणी घेतात. हेडफोन लावायचा, ऐकलेलं वाक्य तसंच म्हणायचं, एखाद्या विषयावर मिनिटभर बोलायचं. गुण मशीन देतं. मराठी माध्यमातून आलेली मुलं या टप्प्याला सगळ्यात जास्त घाबरतात. खरं तर इथे फाडफाड इंग्रजी लागत नाही, थांबत थांबत पण पूर्ण वाक्य बोललं तरी पुरतं. पण ज्याने चार वर्षांत वर्गात एकदाही इंग्रजीत तोंड उघडलं नाही, त्याला तीस मुलांच्या लॅबमध्ये माइकसमोर ते जमत नाही. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन आणि स्वतःचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकणं, एवढ्यानेही दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. लाज वाटते, म्हणून मुलं हे करत नाहीत.

ग्रुप डिस्कशन इंजिनिअरिंगच्या भरतीतून बरंचसं मागे पडलंय, एमबीएला मात्र अजून आहे. शेवटी मुलाखती. टेक्निकल राउंडमध्ये हमखास विचारलं जातं ते फायनल इयरच्या प्रोजेक्टबद्दल. चौघांच्या ग्रुपमध्ये एकाने प्रोजेक्ट केलेला असतो, दोघांनी ब्लॅक बुकचं बाइंडिंग केलेलं असतं आणि चौथ्याला विषय आठवत नसतो. समोरचा माणूस हे दोन प्रश्नांत ओळखतो. "यात तू स्वतः काय केलंस आणि कुठे अडकलास?" हा तो प्रश्न. प्रोजेक्ट साधा असला तरी चालतो, पण त्यातली प्रत्येक ओळ आपली पाहिजे. रेझ्युमेचंही तेच. तिथे लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो, त्यामुळे दोन दिवसांच्या वर्कशॉपवर 'मशीन लर्निंग तज्ज्ञ' लिहिणं अंगाशी येतं.

एचआर राउंडला मुलं गप्पांचा राउंड समजतात. तिथे बंगळुरू किंवा चेन्नईला जाशील का, रात्रपाळी चालेल का, दिलेल्या कामात रमशील का, हे तपासलं जातं. घरी न विचारता दिलेलं "हो" पुढे महाग पडतं.

आयटी कंपन्या एवढ्या पोरांना घेऊन करतात काय?

भारतातल्या कॅम्पस भरतीचा मोठा आकडा आयटी सेवा कंपन्यांचा असतो. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलची मुलंही शेवटी तिकडेच वळतात, कारण त्यांच्या शाखेतल्या कंपन्या एका वेळी पाच-दहा जणांना घेतात आणि सुरुवातीचा पगारही बऱ्याचदा कमी देतात.

या कंपन्यांची रचना पिरॅमिडसारखी आहे. वर थोडे अनुभवी लोक, खाली भरपूर नवखे. परदेशी ग्राहकाकडून प्रत्येक माणसामागे पैसे मिळतात, त्यामुळे खालचा थर स्वस्त राहिला तर नफा राहतो. फ्रेशरचा पगार गेली दहा-पंधरा वर्षं तीन ते चार लाखांच्या मध्येच घुटमळतोय, याचं एक कारण हे. दुसरं कारण मागणी-पुरवठ्याचं. एका जागेसाठी शंभर पोरं उभी असताना पगार वाढवायची कंपनीला गरज पडत नाही.

भरतीचा आकडा मुलांच्या हुशारीवर नाही, बाजारावर हलतो. कोरोनानंतर जगभर डिजिटल कामांची लाट आली तेव्हा २०२१-२२ मध्ये एकट्या टीसीएसने सुमारे एक लाख फ्रेशर्स घेतले. इन्फोसिसने २०२२-२३ मध्ये ५० हजारांहून अधिक नवखे घेतले आणि पुढच्याच वर्षी हा आकडा १२ हजारांच्या खाली आला. या दोन बॅचमधल्या मुलांत काय फरक होता? काहीच नाही. एक बॅच वर्षभर आधी जन्मली होती, इतकंच. ज्या घरात मोठ्याला तीन ऑफर आणि धाकट्याला एकही नाही, तिथे हे धाकट्याला कोणीतरी सांगायला हवं.

ऑफर लेटर मिळालं म्हणजे नोकरी लागली का?

नाही. गावात पेढे वाटले जातात ते ऑफर लेटरवर, काही वेळा तर त्याच्याही आधी येणाऱ्या 'लेटर ऑफ इंटेंट'वर. ते म्हणजे कंपनीने दाखवलेला इरादा. नोकरी सुरू होते जॉइनिंगची तारीख येऊन प्रत्यक्ष रुजू झाल्यावर. मधल्या काळात बरंच काही होऊ शकतं.

२०२२ च्या बॅचने ते भोगलंय. लाटेत भरमसाट ऑफर दिल्या गेल्या, मग अमेरिका-युरोपातली कामं आटली आणि अनेक कंपन्यांनी रुजू होण्याच्या तारखा पुढे ढकलल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर लगेच रुजू होण्याचा पर्याय दिला. पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्यावर जाहीर टीका केली. इन्फोसिसची निवड झालेल्या २०२२ च्या सुमारे दोन हजार मुलांचं रुजू होणं दोन वर्षांपर्यंत रखडलं आणि प्रकरण केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेलं. यातली बरीच मुलं अखेर रुजू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीच्या म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास झाल्याचं कारण देऊन बाहेर पाठवण्यात आलं. प्रत्येकाला तीन संधी दिल्या होत्या आणि ही अट करारातच होती, असं कंपनीचं म्हणणं होतं. परीक्षा मुद्दाम अवघड केली, असं मुलांचं. संघटनेच्या तक्रारीनंतर केंद्राने कर्नाटक सरकारला यात लक्ष घालायला सांगितलं.

दोन वर्षं वाट बघण्याचा खरा खर्च बाहेरून दिसत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होतो. दुसरी कंपनी विचारते, २०२२ चा पासआउट ना, मग एवढे दिवस काय केलं? 'तुझी लागलीय ना नोकरी' म्हणून घरचेही दुसरीकडे प्रयत्न करू देत नाहीत. म्हणून जॉइनिंगची तारीख लेखी हातात येईपर्यंत शोध चालू ठेवण्यात काहीही गैर नाही. कॉलेजचा नियम कॉलेजातल्या ड्राइव्हपुरता असतो, डिग्री झाल्यावर तो मुलाला बांधून ठेवत नाही.

पॅकेज ३ लाख ६० हजार, मग हातात २२ हजारच का?

सोशल मीडियावर सगळ्यात जास्त भांडणं होतात ती या एका आकड्यावर. 'पॅकेज' म्हणजे सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला होणारा एकूण खर्च. त्यातला काही भाग तुमच्या खात्यात कधीच येत नाही, काही पुढे कधीतरी येतो.

समजा सीटीसी वर्षाला ३,६०,००० आहे, म्हणजे महिन्याला ३०,०००. मूळ पगार १५,००० धरू. कंपनी तुमच्या पीएफमध्ये १२ टक्के भरते, ते १,८०० सीटीसीतूनच. ग्रॅच्युइटीसाठी ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२२. दहा टक्के व्हेरिएबल पे धरला तर महिन्याला ३,००० बाजूला गेले, ते कंपनीची आणि तुमची कामगिरी बघून वर्षातून एकदा किंवा तिमाहीला मिळणार, पूर्ण मिळतीलच असं नाही. आरोग्य विम्याचे ५०० धरू. उरले २३,९७८. यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० कापला जातो. महाराष्ट्रात नोकरी असेल तर २०० रुपये व्यवसाय कर, फेब्रुवारीत ३००. महिलांना महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर २०२३ पासून माफ आहे. मुलाच्या हातात आले २१,९७८.

पीएफचे पैसे आपलेच असतात, ते बुडत नाहीत. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. कायम नोकरीत साधारण पाच वर्षं पूर्ण केल्याशिवाय ती मिळत नाही आणि पहिल्याच नोकरीत पाच वर्षं थांबणारे थोडेच. 'जॉइनिंग बोनस' बघताना तो वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो का, हे वाचावं. आणि कोटीच्या पॅकेजमध्ये बऱ्याचदा परदेशी कंपनीचे शेअर्स असतात, ते चार वर्षांत थोडे थोडे मिळतात. बातमीत मात्र सगळं पहिल्याच वर्षी मिळाल्यासारखं छापलं जातं.

हिंजवडीत तिघांत मिळून एक फ्लॅट, मेस, येण्या-जाण्याचा खर्च आणि घरी पाठवायचे पाच हजार हे २२ हजारांत बसवायचं असतं. म्हणून एचआरना विचारायचा प्रश्न एकच, "दर महिन्याला खात्यात किती जमा होतील?" तो विचारला म्हणून कोणी ऑफर काढून घेत नाही.

बाँडवर सही करावी का?

'दोन वर्षं सोडणार नाही, सोडलं तर एक लाख भरीन' अशा करारांना बाँड म्हणतात. कायद्यात याला मान्यता नाही, हे अर्धवट ज्ञान इन्स्टाग्रामवर फार पसरलंय. भारतीय करार कायद्याचं कलम २७ कोणाच्या पोटापाण्याच्या व्यवसायावर बंदी घालणारा करार निरर्थक ठरवतं, हे बरोबर. पण नोकरी चालू असतानाच्या काळासाठी घातलेली वाजवी अट यात येत नाही, असं न्यायालयं सांगत आली आहेत. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला नवी भरती जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन करावी लागते आणि त्याला खर्च येतो, हा मुद्दा न्यायालयाने लक्षात घेतला.

याचा अर्थ प्रत्येक बाँड टिकेल असा नाही. कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते. कंपनीने प्रशिक्षणावर काही खर्चच केला नसेल तर पाच लाखांचा आकडा न्यायालयात तग धरणं कठीण. पण न्यायालयापर्यंत जायची ताकद २२ वर्षांच्या पोराकडे नसते, यावरच तर कंपनी विसंबून असते. दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं किंवा कोरे चेक ठेवून घेणारी कंपनी असेल तर तिथून पाय काढता घेतलेला बरा. मूळ कागद तपासायला द्यायचे आणि समोरच परत घ्यायचे.

इंटर्नशिप: फुकटची हमाली की नोकरीचं दार?

दोन्ही. चांगल्या कंपन्या आता भरतीकडे मुलाखतीपेक्षा इंटर्नशिपमधून बघतात. दोन-सहा महिने मुलगा काम करताना दिसतो, आवडला तर 'पीपीओ' म्हणजे डिग्रीआधीच नोकरीची ऑफर. आयआयटीत तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात हे घडतं. आयआयएममध्ये तर प्रवेश घेऊन काही महिने होतात तोच उन्हाळी इंटर्नशिपची निवड सुरू होते.

बाकीच्या कॉलेजांत इंटर्नशिपचं खूळ वेगळंच आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत तिला क्रेडिट दिलं, मग सर्टिफिकेट विकणारी दुकानं उघडली. दोन हजार रुपये भरा, चार व्हिडिओ बघा, 'इंटर्न' व्हा. मुलाखत घेणाऱ्यांना ही नावं आता पाठ झाली आहेत. इंटर्नशिपसाठी पैसे द्यावे लागत असतील तर ती शिकवणी आहे, इंटर्नशिप नाही. त्यापेक्षा गावातल्या सीएच्या ऑफिसात किंवा एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात खरं काम केलेला महिना जास्त बोलतो.

सरकारी वाटाही आहेत. सगळ्यात जुनी अप्रेंटिसशिप, तिचा कायदा १९६१ चा. डिग्री आणि डिप्लोमावाल्यांसाठी 'नॅट्स' पोर्टलवर नोंदणी होते, पश्चिम भारताचं काम मुंबईतलं 'बोट' हे मंडळ बघतं. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान ९,००० आणि डिप्लोमाधारकाला ८,००० स्टायपेंड ठरवला होता. कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, त्यामुळे वर्षानंतर कायम होण्याची हमी नसते.

२०२४ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. पाच वर्षांत एक कोटी तरुणांना मोठ्या ५०० कंपन्यांत वर्षभराची इंटर्नशिप, महिना ५,००० आणि सुरुवातीला एकदा ६,००० रुपये असं तिचं स्वरूप. २१ ते २४ वयाची अट होती आणि आयआयटी-आयआयएमची मुलं त्यातून वगळली होती. त्याच वर्षी महाराष्ट्राने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, लोकांनी तिचं नाव 'लाडका भाऊ' ठेवलं. बारावी पासला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० महिना. सहा महिन्यांची मुदत पुढे पाच महिन्यांनी वाढवली. ती संपल्यावर 'आता आम्ही करायचं काय' म्हणत प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले.

कॉलेज सांगतं '९५ टक्के प्लेसमेंट', खरं किती मानायचं?

प्रवेशाच्या हंगामात एसटी स्टँडवर लागणारे फ्लेक्स वाचताना आधी छेद विचारायचा. समजा बॅच २४० ची. त्यातले 'पात्र आणि इच्छुक' १३०. नोकरी लागली ११७ जणांना. फ्लेक्सवर ९० टक्के छापलं जातं आणि बॅचच्या हिशोबाने ते ४९ टक्केही भरत नाही. एका मुलाला तीन ऑफर मिळाल्या तर 'ऑफर' तीन मोजल्या जातात, फोटो मात्र एकाचाच तीनदा लागतो.

सरासरीचंही तसंच. नऊ जणांना साडेतीन लाख आणि एकाला ४० लाख मिळाले तर सरासरी येते ७ लाख १५ हजार. तेवढा पगार दहापैकी कोणालाच मिळालेला नसतो. त्यासाठी मध्यक बघायचा, म्हणजे सगळे पगार ओळीत लावल्यावर बरोबर मधला. आयआयटी मुंबईचा २०२३-२४ चा अहवाल घ्या. सरासरी साडेतेवीस लाख, २२ ऑफर कोटीच्या वर. त्याच अहवालात सगळ्यात कमी पॅकेज ४ लाखांचं होतं आणि नाव नोंदवलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला कॅम्पसमधून नोकरी मिळालेली नव्हती.

खरा आकडा शोधायची एक जागा आहे आणि ती फुकट आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजांना दरवर्षी माहिती द्यावी लागते. किती मुलांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि पगाराचा मध्यक किती. ही फाइल भाग घेणाऱ्या कॉलेजच्या वेबसाइटवर असते. फ्लेक्स आणि ही फाइल शेजारी ठेवून बघावी. एमबीएसाठी आयआयएम अहमदाबादच्या पुढाकाराने प्लेसमेंट अहवालाची एक ठरावीक पद्धत तयार झाली आणि ते अहवाल बाहेरच्या संस्थेकडून तपासूनही घेतले जातात, पण ती पाळणारी कॉलेजं मोजकीच.

कॅम्पसमध्ये नाही लागलं तर?

बहुतेकांना कॅम्पसमध्ये लागत नाहीच. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या अनेक कॉलेजांत प्लेसमेंट सेल फक्त नावाला असतो. सीए झालेल्यांसाठी त्यांची संस्था वर्षातून दोनदा स्वतः प्लेसमेंट भरवते, असं सगळ्या शाखांचं नशीब नाही. उरतं ते ऑफ-कॅम्पस, म्हणजे कंपनीच्या वेबसाइटवर अर्ज, लिंक्डइन, नोकरीच्या साइट आणि सगळ्यात जास्त चालणारा मार्ग, रेफरल. कंपनीत असलेल्या सीनियरने आपलं नाव आतून सुचवलं की अर्ज निदान उघडला जातो. दोन वर्षं पुढच्या दादा-ताईंना मेसेज करायला मुलं संकोचतात. मेसेजमध्ये "जॉब असेल तर सांगा" लिहिण्याऐवजी जागेची लिंक, चार ओळींत स्वतःची माहिती आणि रेझ्युमे पाठवला तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.

याच टप्प्यावर भामटे टपलेले असतात. हुबेहूब लोगो असलेलं ऑफर लेटर येतं, टेलिग्रामवर 'मुलाखत' होते आणि मग लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची फी मागतात. रक्कम मुद्दाम बेताची असते, अडीच हजार, पाच हजार, आईने बचत गटातून काढून देता येईल एवढी. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही, कुठल्याही नावाने नाही. मेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आला आहे का ते बघायचं आणि शंका आली तर कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरच्या करिअर पानावर ती जागा आहे का हे तपासायचं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आधी गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. अनेक मुलं घरी कळेल या भीतीने दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे चार खाती फिरून गेलेले असतात.